रामटेके भाऊंची माती

साठी उलटलेला, एकटा राहणारा माणूस दर महिन्याला लहान मुलांच्या डायपरचं पाकीट विकत घेतो म्हटल्यावर सिंदेवाहीसारख्या गावात काय काय बोललं जाईल, सांगा. मेडिकलवाल्यानं शेवटी मलाच विचारलं. मी भडकले. म्हटलं, ज्याचं त्याला विचार.

डायपर कुंड्यांसाठी असतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे रामटेके भाऊ, निवृत्त लाइनमन, ते फाडतात, आतली भुकटी पाण्यात फुगवतात आणि तो गिळगिळीत लगदा मातीत कालवतात. त्यानं माती पाणी धरून ठेवते म्हणे. आधी तलावातला गाळ भरून पाहिला होता. उन्हात त्याची पार वीट झाली, पाणी कडेनं सुर्रकन खाली. मग धानाचा तूस घातला. मग नारळाच्या शेंड्या, त्याही माझ्या दारातून न विचारता उचललेल्या. एकदा त्या गाळातून खेकडा निघाला आणि जिन्यानं उतरून माझ्या स्वयंपाकघरात आला. माफी मागतील? छे. "बाई, खेकडा हाय म्हंजे मातीत ओल हाय," म्हणाले.

कुणाच्याही कुंडीत बोट खुपसायचं आणि ओरडायचं, "माती हाय का चाळणी?" माझ्या मोगऱ्याखाली ओघळ दिसला की वरून तोंडाचा पट्टा सुरू. नळ एक दिवसाआड येतो हे मला माहीत नाही का? मोगरा माझा, पाणी माझं, यांच्या बापाचं काय जातं!

असंच एकदा भांडता भांडता कळलं. डायपरचं पहिलं पाकीट नातीसाठी आणून ठेवलं होतं. ती आलीच नाही, आणि डायपर लहान झाले. मुलगा पुण्याला. हिवाळ्यात त्याला सुट्टी नसते, उन्हाळ्यात इकडे ऊन असतं, पावसाळ्यात डास असतात. म्हणून गच्ची अशी हिरवीगार करायची की 'बाबा, तिथं भट्टी आहे' म्हणायला पोराला तोंड उरू नये. त्यासाठी हा सगळा उपद्व्याप. ऐकून मला त्या पोराचा भयंकर राग आला, पण भाऊंवरचा काही कमी झाला नाही.

यंदा गच्ची खरंच हिरवी झाली. मुलानं इकडे यायचं तिकीटही काढलं. मी स्वतः जिना धुऊन घेतला. मग तिकीट रद्द झालं. लेकराला ऊन लागलं तर, म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी माझ्या वाळत घातलेल्या मुंगवड्यांवर वरून धो धो पाणी आलं. आज सोडत नाही म्हणत मी जिना चढले.

रामटेके भाऊ एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात मग्गा घेऊन उभे. मोबाइलवर तीन वर्षांची नात. कुंडीच्या भोकातून धार पडली की ती टाळ्या पिटायची आणि म्हणायची, "आजोबा, परत." भाऊ परत ओतायचे. माती केव्हाच तुडुंब झाली होती, रोपं माना टाकून पडली होती.

मला पाहून ते ओशाळले. मोबाइल जरा बाजूला धरून हळूच म्हणाले, "बाई, हसून राह्यली ना ते. आता फोन ठेवला तं हप्ताभर दिसत नाई."

त्यांच्या बादलीत आता थेंब उरला नव्हता. मी खाली गेले आणि माझी भरलेली बादली वर घेऊन आले.