खाद्य घातल्याची सही

सगळं बिघडलं ते आप्पांनी वही आखली तिथून. नाहीतर चार मासे, एक हॅमस्टर आणि एक पक्षी ही काही आठ दिवस सांभाळायला अवघड मंडळी नव्हती. त्यांतल्या एकालाही चहा लागत नव्हता, पेपर आधी वाचायला हवा नव्हता, की जेवताना कुणाच्या तब्येतीची चौकशी करायची नव्हती. आप्पांच्या घरी आजवर आलेल्या सर्व पाहुण्यांत हे सरस होते.

पण आप्पा चौतीस वर्षं रेकॉर्ड विभागात होते, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क. ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नाही, ही त्यांची श्रद्धा. (आपलं लग्न झालंय यावरसुद्धा त्यांचा विश्वास दाखला हातात पडल्यावरच बसला, असं आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.)

प्राणी होते नातीचे. मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात आठ दिवस बाहेरगावी निघाली होती. एरवी हे प्राण्यांचं बिऱ्हाड व्याह्यांकडे, म्हणजे सुनेच्या वडिलांकडे जायचं. व्याही निवृत्त मुख्याध्यापक. मागच्या सुट्टीत त्यांनी मासे असे चकचकीत करून परत पाठवले होते की आप्पांना पॉलिशचा संशय आला होता. यंदा मात्र व्याह्यांच्या घरी रंगकाम निघालं, रंगाचा वास पक्ष्याला चालत नाही, आणि आप्पांचं नशीब उघडलं.

"आप्पाआजोबा, या वेळी नीट झालं तर पुढच्या सुट्टीत पण हे सगळे इथेच," नातीने सांगितलं. "नाहीतर परत तिकडे."

मग तिने भिंतीवर एक तक्ता चिकटवला. मासे : सकाळी एकदा, चिमूटभर. हॅमस्टर : संध्याकाळी एक चमचा दाणे. पक्षी : सकाळी वाटीभर राळे, ताजं पाणी. आणि निघताना आप्पांच्या कानाशी येऊन कुजबुजली, "आजीवर सोडू नका हं. ती विसरते. पण मी असं म्हटलं ते तिला सांगू नका."

आप्पांची छाती दोन इंच फुगली. त्याच दुपारी त्यांनी वही आखली. तारीख, वेळ, प्राणी, खाद्याचे प्रमाण, घालणाऱ्याची सही, शेरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी टाकीजवळून येताना दिसल्या.

"मासे झाले का गं?"

"झाले."

"सही कुठंय?"

"कसली सही?"

"घातल्याची. रकाना रिकामा आहे."

"डोंबल तुमची सही! माझ्या घरात मी माशाला चिमूटभर घालायचं आणि त्याची सही करायची? उद्या तुम्हाला आमटी वाढली तर त्याचीही पावती लिहून घ्याल!"

"मग मी काय समजायचं?"

"काय समजायचं ते समजा!"

आप्पांनी नियमाप्रमाणे समजलं. सही नाही, अर्थात खाद्य घातलेलं नाही. त्यांनी चिमूटभर घातलं, सही केली, शेऱ्यात 'समक्ष' लिहिलं. हा संवाद पुढे दिवसातून तीनदा तरी होऊ लागला. पिंजऱ्यातला मुठीएवढा निळा पोपट मान वाकडी करून तो ऐकत बसे. (या पोपटाला व्याह्यांनी गेल्या सुट्टीत रोज अर्धा तास 'सुप्रभात' शिकवलं होतं. त्याने चोचीतून अवाक्षर काढलं नव्हतं. त्याबद्दल आप्पांना त्याच्याविषयी आदर होता.)

तिसऱ्या दिवशी आप्पांच्या लक्षात आलं, की घरात काहीतरी शिजतंय. दाण्यांची बरणी भराभर खाली चालली होती. हॅमस्टरच्या वाटीत चमचाभर दाणे टाकावेत, तर पंधरा मिनिटांत वाटी लख्ख. तो प्राणी स्वतःच चार चमच्यांएवढा! एवढं खाऊन तो फुटला कसा नाही? त्यातून माशांचं पाणी साबण कालवल्यासारखं पांढुरकं दिसायला लागलं.

आप्पांनी बरणीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि संशयितांची यादी केली.

एक, मावशी. दहा वर्षं केर-फरशीला येत होत्या, पण हल्ली टाकीभोवतालची फरशी जरा जास्तच वेळ पुसत होत्या. दोन, खुद्द आजी. त्या मूठ मिटून खोलीतून जायच्या आणि मूठ उघडी ठेवून परत यायच्या. तीन, व्याही. ते रोज नऊच्या ठोक्याला फोन करून "काय म्हणतात पाहुणे?" असं विचारत. या चौकशीला एक वास होता. (व्याह्यांनी घरात कुणालातरी फितवलं असेल का, हा प्रश्न आप्पांनी वहीत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहून ठेवला.)

चौथ्या दिवशी त्यांनी टाकी आणि पिंजऱ्यांसमोर फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरवली. आजींची, सुवासिक. पाऊल उमटलं की चोर हातात. दहा मिनिटांत मावशी आल्या आणि झाडू मारून मोकळ्या झाल्या.

"मावशी! पुरावा झाडलात तुम्ही!"

"मला काय ठाऊक पुरावा असा गुळगुळीत असतोय ते," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, आप्पांच्या हातून डबा सांडला."

हेही संशयास्पदच. आप्पांनी मावशी जाईपर्यंत दम धरला, दुपारी पुन्हा पावडर टाकली आणि दाराआड खुर्ची घेऊन पाळतीवर बसले. पेपर होता, पंखा होता, जेवण झालेलं होतं. पाळत कशी झाली असेल ते सांगायला नको.

जाग आली तेव्हा साडेचार झाले होते. चष्मा सारखा करून ते वाकले, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. पावडरीत पावलं! अनवाणी, फताडी, टाकीपर्यंत जाणारी आणि परत येणारी. आप्पांनी पट्टी आणून लांबी मोजली, वहीत लिहिली आणि तसेच आतल्या खोलीत गेले.

"पाय दाखव."

आजी उठून बसल्या. "चाळीस वर्षांनी पाय बघायचं सुचलं?"

"चेष्टा नको. मोजायचाय."

मोजला. तीन बोटं कमी भरला. आप्पा विचारात पडले. आजींनी त्यांच्याकडे नखशिखांत पाहिलं, आणि नखांशी येऊन त्या थांबल्या.

"आता तुमचा दाखवा."

"माझा कशाला?"

"दाखवा म्हणते ना!"

आप्पांनी तळवा वर केला. तो पांढराशुभ्र होता आणि त्याला मोगऱ्याचा वास येत होता. मग त्यांना आठवलं. पावणेचारला अर्धवट जाग आली होती, पावडरीच्या गडबडीत राहून गेलेला आजचा सकाळचा रकाना समोर वहीत रिकामा दिसला होता, आणि हातून चौतीस वर्षांच्या सवयीचं काम घडून गेलं होतं. ते झोपेतच उठले, चिमूटभर घातलं, सही केली. सही वहीत होती. जरा तिरकी, पण होती.

"म्हणजे तुम्ही घालता?" आजी किंचाळल्या. "अहो, मी रोज घालते! सकाळी मासे, संध्याकाळी तो उंदीर, सगळं! पोरगी जाताना मला म्हणाली, आजोबांवर सोडू नकोस, ते विसरतात. आणि सांगू नको म्हणाली."

"मला म्हणाली, आजी विसरते!"

दोघं एकमेकांकडे बघत असतानाच दाराशी भांडी घासायला आलेल्या मावशींचा आवाज आला. "मला म्हणाली, दोघंही विसरतात. मी पण दोन्ही वेळा घालते."

तिघंही टाकीकडे धावले. तीन मासे पांढुरक्या पाण्यात जडशीळ पोहत होते. चौथा, नातीचा सर्वांत लाडका, शेपटीवर काळा ठिपका असलेला, कुशीवर तरंगत होता. आप्पांना पुढची सुट्टी दिसली. व्याही, चकचकीत मासे आणि आपली रिकामी खोली.

बाटलीत टाकीचं पाणी भरून ते तडक माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने बाटली उजेडात धरली.

"किती जण घालता?"

"तिघं," आप्पा म्हणाले, आणि प्रामाणिकपणे जोडलं, "एक जण झोपेतही."

"रोज थोडं थोडं पाणी बदला. बाकी तीन दिवस माशांना काही घालायचं नाही. काही करायचंच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. जड जातं लोकांना. नोकरी कुठं होती तुमची?"

"सरकारी. रेकॉर्ड विभागात."

"मग जमेल," दुकानदार निर्धास्तपणे म्हणाला.

ते तीन दिवस तिघांनी एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. आजी उठल्या की आप्पा उठत, आप्पा उठले की मावशींचा झाडू थांबे. आप्पा रोज 'मासे : काही घातले नाही' असं लिहून सही करत आणि वही आजींपुढे धरत. "तूही घातलं नाहीस ना? सही कुठंय?" "डोंबल तुमची सही!" व्याह्यांचा फोन आला की आप्पा "पाहुणे आराम करताहेत" एवढंच म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं. सातव्या दिवशी सकाळी ठिपकेवाला मासा सरळ झाला. आप्पांनी शेऱ्यात 'उभा' असं लिहिलं, खोडलं, आणि 'आडवा, परंतु योग्य प्रकारे' अशी दुरुस्ती करून बाजूला सही केली.

आठव्या दिवशी नात आली. टाकीत डोकावली, चार मोजले, मग हॅमस्टरच्या घरट्यातला कापूस उचलला. खाली कोठार होतं. आठ दिवसांचे दाणे, सूर्यफूल एका कोपऱ्यात, मका दुसऱ्यात, अगदी वर्गवारी करून.

"आप्पाआजोबा, हा तर तुमच्यासारखाच आहे!"

आप्पांनी घसा साफ केला. "ते असू दे. तू आम्हा तिघांनाही वेगवेगळं सांगितलंस?"

"हो. एक तरी विसरणारच ना."

"आणि तिकडच्या आजोबांच्या घरी किती जणांना सांगतेस?"

"त्यांना एकट्यालाच. ते विसरत नाहीत."

आप्पा काही बोलणार एवढ्यात खोलीत त्यांचाच आवाज आला. करडा, ऑफिसातला.

"सही कुठंय?"

सगळे पिंजऱ्याकडे वळले. निळ्या पोपटाने पिसं फुलवली, मान दुसऱ्या बाजूला टाकली आणि आजींच्या आवाजात स्वतःच उत्तर दिलं, "डोंबल तुमची सही!"

नात टाळ्या पिटत नाचायला लागली. वर्षभर जो बोलला नाही तो बोलला! आता पुढच्या सुट्टीत सगळे इथेच, ठरलं! आप्पा फुलून आले. त्यांनी व्याह्यांना फोन लावण्यासाठी हात पुढे केला. मुख्याध्यापकांना जमलं नाही ते एका हेडक्लार्कने करून दाखवलं होतं.

"थांबा, आधी तक्ता बदलते," नात म्हणाली. आजींनी तिच्या कानाशी लागून झोपेतल्या सहीची हकीकत सांगितली, तसा तिने जुना कागद काढला आणि नवा लिहून चिकटवला. मासे, हॅमस्टर, पक्षी, सगळं पूर्वीसारखंच होतं. फक्त खाली चौथी ओळ वाढली होती :

आप्पाआजोबा : दुपारी झोपले की खोलीला कडी लावावी. हातात वही देऊ नये. जबाबदारी : आजी.

आणि आठ दिवस ज्यांनी एकदाही पेन हातात धरलं नव्हतं, त्या आजींनी चष्मा शोधून आणला, पेन झटकून पाहिलं आणि त्या ओळीपुढे तारखेसकट ठसठशीत सही केली.