डॉक्टर केळुसकर विलगीकरणात

गुरुवारी सकाळी प्राणिगृहातल्या सशांनी डॉक्टर मृदुला केळुसकर यांना तपासलं, अंगात ताप आहे असं ठरवलं आणि रीतसर विलगीकरणात ठेवलं.

मृदुलाबाई संशोधन संस्थेच्या पशुवैद्य. कित्येक वर्षांत त्यांनी रजा अशी घेतलीच नव्हती.

"मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

"आजार लपवणं हेच आजाराचं पहिलं लक्षण. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?" शेवंताबाई म्हणाल्या. सशांत त्या सर्वांत वडील.

मृदुलाबाई मोठ्या रिकाम्या पिंजऱ्यात जाऊन बसल्या. खाली कोरडा, ताजा भुसा होता. माणूस कळपानं राहणारा प्राणी, एकटा ठेवला तर खंगतो, म्हणून सोबतीला दोन गिनीपिग दिले होते. कंटाळा येऊ नये म्हणून पुठ्ठ्याची एक नळीही होती. सुरुवातीला मृदुलाबाईंना संकोच वाटला. मग कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी नळीतून छताकडे पाहिलं. बरं वाटलं.

तेवढ्यात संचालक उपासनी धावत आले.

"शेवंताबाई, तपासणी समिती फाटकाशी आलीय! डॉक्टर जागेवर नसल्या तर प्राणिगृहाची परवानगी जाईल. सोडा त्यांना!"

"बूट जंतुनाशकात बुडवलेत?"

"घाईत राहिलं."

"मग उंबऱ्याबाहेरूनच बोला."

परवानगी गेली तर ही सगळी मंडळी कुठे जाणार? मृदुलाबाई उठू लागल्या. शेवंताबाईंनी मागचा पाय फरशीवर आपटला.

"बसा. ताप उतरलेला नाही."

समितीच्या अध्यक्ष डॉक्टर हुद्दार आल्या. कोणी न सांगताच जंतुनाशकाच्या तबकातून चालत त्या आत शिरल्या. त्यांनी भुसा चिमटीत धरून पाहिला, पाण्याची बाटली हलवली, गिनीपिगांची चौकशी केली. मग त्या मृदुलाबाईंसमोर उकिडव्या बसल्या.

"खाणं जातंय का?"

"कोथिंबीर खाल्ली."

"देठांसकट," शेवंताबाईंनी पुस्ती जोडली.

हुद्दारबाई समाधानानं उठल्या आणि उपासनींकडे वळल्या.

"व्यवस्था उत्तम आहे. परवानगी कायम राहील. पण या प्राण्याला विश्रांती फार उशिरा मिळालीय. असं का?"

उपासनी घाईघाईनं बूट तबकात बुडवू लागले.

"आता त्या आमच्या देखरेखीखाली आहेत," शेवंताबाई म्हणाल्या. "उतावीळपणा चालणार नाही."

हुद्दारबाई जायला निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि घुटमळल्या.

"बाई, माझी पाठ बरेच दिवस धरलीय. आणखी एकीची सोय होईल का?"

शेवंताबाईंनी त्यांना बोटांपासून कोपरापर्यंत नीट हुंगलं.

"होईल. आधी वजन करून घेऊ."

मृदुलाबाईंनी भुसा सारखा केला आणि थोडं सरकून शेजारी जागा केली.