अर्जदार घरी नाहीत

कचेरीचं पत्र आलं तेव्हा रफूगाराची बायको वारून तीन आठवडे झाले होते. घर तिच्या नावावर होतं आणि अर्जही तिचाच. छप्पर गळत होतं, मागच्या भिंतीला पोट सुटलं होतं. गरिबांच्या घरदुरुस्तीला सरकारी मदत मिळते हे तिनेच कुठून तरी शोधून काढलं आणि आपल्यापुरतं न बघता गल्लीतल्या बारा घरांचा मिळून अर्ज केला. त्यासाठी दोन वर्षं ती कचेरीच्या रांगेत उभी राहिली. आता उत्तर आलं होतं. मंगळवारी पाहणी, अर्जदाराने स्वतः हजर राहावे.

मंगळवारी इंजिनिअर आले. भिंत बघितली, छप्पर बघितलं.

"बाई कुठायत?"

रफूगाराने तोंड उघडलं. शब्द साधाच होता, पण निघाला तो दुसराच.

"बाहेर गेलीय," तो म्हणाला.

"येतील कधी?"

"सांगता येत नाही."

पुढच्या मंगळवारी ते पुन्हा आले. "अजून नाही आल्या? माहेरी गेल्यात का?"

रफूगाराने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. इंजिनिअरांनी होकाराची धरली. चपला घालताना आवाज खाली आणून म्हणाले, "संसारात व्हायचंच असं. तुम्हीच जाऊन समजूत काढा. त्यात कमीपणा कसला?"



आठवड्याभरात दुसरं पत्र आलं. अर्जदार सदर घरात राहत नसल्याने अर्ज रद्द. अर्ज एकच, म्हणजे बाराही घरं गेली. पत्र वाचून मेव्हणीने कपाळाला हात लावला. ती निवृत्त नर्स. उभ्या आयुष्यात तिने कितीतरी रुग्णांच्या नातेवाइकांना माणूस गेल्याची बातमी सांगितली होती.

"भाऊजी, एक शब्द बोलायचा होता तुम्हाला."

"म्हणालो असतो तर झालं असतं ना खरं."

 मेव्हणीने चष्मा लावून सुनावणीसाठी विनंती लिहायला घेतली.

सुनावणीला लांबलचक टेबलामागे पाच जण बसले होते. कोपऱ्यात इंजिनिअर होते. मेव्हणी उठू लागली तशी रफूगाराने तिला हाताने थांबवलं.

"अर्जदार आज तरी आल्यात का?" अध्यक्षांनी विचारलं.

"ती वारली," रफूगार म्हणाला.

 कोणीतरी पाणी पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही.

"चूक माझी आहे, साहेब. गल्लीला त्याची शिक्षा नको. शेजारची आजी पलंगाखाली झोपते, वरून गळतं म्हणून. पलीकडे दार लावलं की भिंतीची माती पोरांच्या ताटात पडते. मला फाटलेलं कापड सांधता येतं, बोलायला जमत नाही. ती असती तर तिने तुम्हाला नीट सांगितलं असतं. घरं आमचीच आहेत हो, फक्त उभी ठेवायची ऐपत नाही."

इंजिनिअर हातातली फाइल उगाच उघडत-मिटत राहिले.

महिन्याने तिसरं पत्र आलं. मेव्हणीने मोठ्याने वाचलं. "अर्जदार सुनावणीस जातीने हजर होत्या. त्यांचे म्हणणे समाधानकारक वाटल्याने बाराही घरांची दुरुस्ती मंजूर."

 तिने चष्मा पुसून तोच मजकूर पुन्हा वाचला.

"भाऊजी, कारकुनाने घोळ घातलाय. ही चूक कळवायला हवी."

"कळवू," रफूगार म्हणाला. "बाराव्या घराचं छप्पर झालं की कळवू." पत्र हातात घेऊन त्याने त्या ओळीवरून बोट फिरवलं. "दोन वर्षं रांगेत उभी राहिली गं ती. लागू दे की एकदा तिची हजेरी."