किनुएचा पाइन आणि तोकुजींची राखण

"अगं, चाळीस हिवाळे मी आसाहिकावाच्या बर्फात बस चालवलीय! हे दीड वीत झाड मला जड जाणार होय?" तोकुजींनी छाती काढून विचारलं.

किनुए बॅग भरत होती. मुलीच्या बाळंतपणाला नागोयाला निघालेली, तीन आठवड्यांसाठी. पण जीव अडकला होता कुंडीतल्या बोन्साय पाइनमध्ये. तिच्या वडिलांनी लावलेला, साठ वर्षांचा! उबेला ठेवला तर वसंत आला समजून अवेळी फुटतो, उघड्यावर ठेवला तर मुळं गोठतात. किनुए त्याला मागच्या थंड खोलीत ठेवायची, रोज बोटानं माती चाचपायची. तीस हिवाळे बाईनं त्याला असा जगवला! तोकुजींना तर स्वतःचे हातमोजे एका हिवाळ्यापलीकडे टिकवता आले नव्हते.

"अहो, एकच करा," ती दारातून म्हणाली, "काहीही करू नका!"

पाचव्या दिवशी पारा उणे सव्वीसवर गेला. खोलीतली पाण्याची बादली दगड झाली. तोकुजींचं डोकं चाललं. कोबी नाही का आपण अंगणात बर्फाखाली पुरत? कसा ताजा राहतो! त्यांनी पाइन सफरचंदाच्या खोक्यात ठेवला, फाटकाजवळ बर्फात पुरला, वरून फावड्यानं थापटला आणि निवांत झोपले.

सकाळी पाहतात तर अंगण लख्ख! बर्फाचा कण नाही!

"काका, काकू गावाला, त्यात तुमची कंबर धरलेली," शेजारचा शिनोहारा हसत म्हणाला. "म्हटलं, पहाटेच उरकून टाकू!"

आपला बर्फ उपसणाऱ्या शेजाऱ्याला या गावात कोणी जाब विचारत नाही. तोकुजी मिठाईचा डबा घेऊन गेले, कमरेची कळ सोसत वाकले. "फार... फार उपकार झाले!" शिनोहाराच्या बायकोनं डोळे पुसले.

"आणि, अं, बर्फ टाकला कुठे?"

"बालवाडीच्या अस्वलाला दिला! एक ठोकळा तर असा घट्ट निघाला, पोटात चपखल बसला बघा!"

बर्फाचं ते अस्वल दोन पुरुष उंच होतं आणि पोरं त्याच्या पाठीवरून घसरत होती. बर्फाच्या उत्सवाआधी ते फोडा म्हणायची कोणाची छाती?

संध्याकाळी किनुएचा फोन. "पाइन कसा आहे हो?"

"आतमध्ये आहे. गाढ झोपलाय!" हे काही खोटं नव्हतं.

मग तोकुजी रोज खुर्ची घेऊन अस्वलासमोर बसू लागले. "पोटाला लाथ मारायची नाही, सांगून ठेवतो!" ऊन पडलं की छत्री घेऊन धावायचे. पोरं खिदळायची आणि त्यांचा जीव खालीवर व्हायचा. सासऱ्यांची एवढी एकच आठवण घरात होती, आणि ती यांनी अस्वलाला चारली होती!

किनुए परतली ती उत्सव संपला त्या दिवशी. तोकुजींनी फलाटावरच सगळं ओकून टाकलं. ती तशीच कोटानिशी बालवाडीत गेली. शिनोहारानं जपून करवत चालवली. खोकं बाहेर आलं. किनुएनं बर्फ झटकला, मातीत बोट घातलं, एक फांदी हलकेच वाकवली. सगळी गल्ली श्वास रोखून उभी!

"वारा नाही, ऊन नाही, गारठा अगदी एकसारखा," ती हळूच म्हणाली. "अहो, तीस वर्षांत हा इतका छान झोपला नव्हता!"

काय बाई आहे! दुसरीनं नवऱ्यालाच पुरलं असतं. तोकुजींचे पाय दोन दिवस जमिनीवर नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात सात शेजारी आपापल्या कुंड्या घेऊन आले. अस्वलाच्या पोटात कोणती कुठे बसवायची, ते किनुएनं ठरवलं. अस्वल उभं राहिल्यावर तिनं स्वतः कुंचल्यानं लिहून त्याच्यापुढे एक पाटी लावली.

"मुलांनी खुशाल खेळावं. तोकुजींनी दहा पावलं लांब राहावं."

तोकुजींनी अकराव्या पावलावरून ती दोनदा वाचली. अक्षर मात्र सुरेख होतं हो!