बिडी ओढणारी कवटी बेपत्ता

"बीदरपासून कलबुर्गीपर्यंत माझं नाव घेतलं की चोरांच्या तोंडचं पाणी पळतं," असं गुप्तहेर पंचाक्षरी स्वतःच सांगत. एकही चोर कधी सापडला नव्हता, कारण सगळे आधीच पळाले होते, हा त्यांचा पुरावा. मेहुणा लिंगराज त्यांचा बिनपगारी सहायक. काम एकच, दाजींचं ऐकून घ्यायचं.

परवा त्यांच्याच गावचे, मन्नाएखेळ्ळीचे, भीमण्णा पेंटर हवालदिल होऊन दारात आले. दवाखान्याच्या भिंतीवरचा त्यांचा जुना पत्र्याचा बोर्ड नाहीसा झाला होता. काळ्या रंगावर दात विचकून बिडी ओढणारी कवटी, धुराचा वळत गेलेला नाग, आणि लाल अक्षरांत, वर कन्नडमध्ये, खाली मराठीत, धूम्रपान सोडा. कलबुर्गीत जुन्या आरोग्यचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं आणि बोर्ड घेऊन संध्याकाळी जीप निघणार होती.

"फ्लेक्स आल्यापासून माझ्या हातचं तेवढंच राहिलंय, अण्णा. ते न्हाई गावलं तर मी पेंटर होतो हे कोण मानंल?"

लिंगराजनं लगेच चपला चढवल्या. दवाखान्याशी पोचताच पंचाक्षरी भिंतीपाशी ओणवे झाले आणि त्यांनी एक थोटूक उचललं.

"चोर बिडी ओढतो," ते म्हणाले. संशयितांत निम्मं गाव आलं.

मग समोरच्या टपरीवाल्या श्रीमंतला धरलं. "बोर्डामुळं तुझा धंदा बसायलाता. व्हय का न्हाई?"

"उलटं हाय, अण्णा. लोक ती कवटी बघून घाबरायचे, अन् घाबरले की बिडी पेटवायचे. ती गेल्यापासून गिऱ्हाईकच न्हाई."

पंचाक्षरींनी डोळे बारीक केले आणि ते भीमण्णांकडे वळले. "कवटीचं चित्र काढताना समोर कोण बसलं होतं?"

"कवटीसाठी कोण बसंल, अण्णा?"

"नाव लपवायलाय," पंचाक्षरी लिंगराजच्या कानात म्हणाले.

एवढ्यात लिंगराजची बहीण दानेश्वरी नवऱ्याचा, म्हणजे पंचाक्षरींचा, डबा घेऊन आली. "काय हुडकायलाव? ती कवटी व्हय? आपल्या नव्या बांधकामावर टांगलीय की. दवाखान्याला चुना लावताना काढून कचऱ्यात टाकलती. दृष्ट लागू नये म्हणून भेसूर मुखवटा आणा, असं तुम्हाला सांगून थकले, मग मीच उचलून आणली."

पंचाक्षरी रोज सकाळी त्याच कवटीखाली उभं राहून गवंड्याला अक्कल शिकवत.

भीमण्णांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला, कारण दानेश्वरी पुढं म्हणाली, "स्लॅब पडस्तोर उतरवायची न्हाई. घराला दृष्ट लागंल."

"अक्का, पेंटर हितंच हायेत की," लिंगराज म्हणाला. "दुसरं भेसूर तोंड काढून देतील."

बांधकामावर पत्रा मिळाला, रंगाचे डबे निघाले. किती तरी वर्षांनी भीमण्णांनी ब्रश हाती धरला. मग पहिली रेघ सरळ आली आणि त्यांचे डोळे भरून आले. भेसूर तोंडासाठी त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. पंचाक्षरी मिशीला पीळ देत, भुवया आवळून कसला तरी तर्क करत होते.

"अण्णा, असंच ऱ्हावा. हलू नका."

संध्याकाळी कवटी छातीशी धरून भीमण्णा जीपमध्ये बसले. बांधकामावर नवं चित्र चढलं. ते आपल्या सत्कारासाठीच लावलंय, असं पंचाक्षरी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायलेत. लिंगराजनं त्यांचा गैरसमज दूर केला नाही, आणि घराला दृष्ट लावायची अजून कुणाची छाती झालेली नाही.