वाफेच्या इंजिनाला चिप

श्रावणातल्या एका सोमवारी, उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीचा दुसरा घास घेता घेता प्रतापसिंहराव शिर्क्यांनी एवढंच ठरवलं, की बाबांच्या इंजिनाला एक चिप बसवायची. नखाएवढी चिप, चार वायरी. "दुपारच्या चहापर्यंत उरकेल," असं त्यांनी लीलाबाईंना सांगूनही टाकलं. (चहा झाला. मग श्रावण संपला, गणपती आले, गेले, पितृपंधरवडासुद्धा झाला.)

प्रतापसिंहरावांचे आजोबा बडोदे संस्थानच्या रिसाल्यात होते. वडील रेल्वेत गार्ड झाले आणि स्वतः प्रतापसिंहराव सिग्नल इन्स्पेक्टर. नाव एवढं दणदणीत, पण आयुष्यात खरी लढाई त्यांनी दिली ती सिग्नलच्या केबली कुरतडणाऱ्या उंदरांशी. चौतीस वर्षं बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी वेळी-अवेळी फोन वाजायचा, "साहेब, सिग्नल लाल झालाय, हिरवा होत नाही," आणि साहेब काहीही न विचारता पहिलं वाक्य टाकायचे, "आधी रुळावर आडवं काही पडलंय का बघा!" रुळांतून वीज खेळवलेली असते. दोन्ही रुळांना टेकून लोखंड आडवं पडलं, की सिग्नल लाल तो लालच. दहातल्या सात वेळा एखादी सळई नाहीतर पहार सापडायचीच. लीलाबाईंना हे वाक्य मारुतीस्तोत्रासारखं पाठ झालं होतं.

आता ते इंजिन. हातभर लांबीचं, काळं कुळकुळीत, वाफेच्या इंजिनाचं मॉडेल. एका पारशी साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांच्या सामानातून बाबांनी ते आणलं होतं. लहानपणी दर रविवारी बाबा छोट्या प्रतापला मांडीवर घेत आणि वेगाचं बटण फिरवू देत. पण चार वर्षांपूर्वी मुलानं, शौर्यनं, कॅनडाहून नवा डिजिटल सेट पाठवला. त्याच्या रुळांत वीज सदैव वाहती आणि हुकूम मोबाइलवरून. ज्या इंजिनात चिप असेल तेच हुकूम ऐकणार. बाबांचं इंजिन त्या रुळांवर ठेवलं, की जागच्या जागी गुंगुं करी आणि तापे. शेवटी ते शोकेसमध्ये गेलं, संगमरवरी ताजमहालाच्या शेजारी. शोकेससमोरून जाताना प्रतापसिंहरावांना मनापासून वाईट वाटायचं. बाबांनाच कोपऱ्यात बसवून ठेवल्यासारखं वाटायचं.

पहिली चिप त्यांनी बसवली आणि मोबाइलवर बोट टेकवलं. इंजिनाच्या धुराड्यातून निळसर धूर निघाला.

"अगं बाई!" लीलाबाई कौतुकानं म्हणाल्या, "ह्याच्यातून खराखुरा धूरसुद्धा येतो?"

येत नव्हता. जळत होती ती चिप. जुन्या मोटारीचं एक टोक इंजिनाच्या लोखंडी सांगाड्यालाच जोडलेलं असतं. ते आधी तोडून वेगळं करायचं, ही गोष्ट व्हिडिओत अकराव्या मिनिटाला सांगितली होती. प्रतापसिंहरावांनी व्हिडिओ दहा मिनिटं पाहिला होता. (निवृत्त इन्स्पेक्टरला एवढं कळतंच, असं त्यांचं मत होतं.)

दुसरी चिप मागवायच्या दिवशी लीलाबाईंनी शिवणाचं मशीन थांबवलं. हे मशीन अकरा वर्षं स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामधल्या बोळात उभं होतं. मागली ऐसपैस खोली रुळांच्या बोर्डानं व्यापलेली. नवरात्र तोंडावर, अर्ध्या गल्लीच्या गरब्याच्या चणियाचोळ्या लीलाबाईंकडे, आणि त्यांच्या कोपराला फोडणीचे शिंतोडे.

"अहो, एकच सांगते. खंडेनवमीला इंजिन चाललं, तर मी पुन्हा खोलीचं नाव काढणार नाही. नाही चाललं, तर तुमचा बोर्ड निघेल आणि माझं मशीन तिथे जाईल."

"मंजूर!" प्रतापसिंहराव म्हणाले. आजोबांच्या रक्तानं नको तिथे उसळी घेतली.

मग ते कामाला लागले. गोविंदराव हे त्यांचे जुने मित्र, गोरव्यात त्यांचं लेथमशीन आहे. त्यांनी मोटार सांगाड्यापासून वेगळी ठेवायला प्लास्टिकचं एक इवलंसं वायसर कातून दिलं. मोटारीच्या स्प्रिंगवर चढवायला बारीक नळी हवी होती, ती लीलाबाईंच्या इअरफोनच्या वायरीचं साल काढून मिळाली. (त्या इअरफोनवर त्या प्रवचन ऐकत. पुढचे आठ दिवस प्रवचन सगळ्या घरानं ऐकलं.) आणि अष्टमीच्या दुपारी प्रतापसिंहरावांनी मोबाइलवर बोट सरकवलं, तसं बाबांचं इंजिन हललं. आधी जरासं, मग सावकाश, तोऱ्यात, बोगद्यातून जाऊन परत आलं. प्रतापसिंहरावांचे डोळे भरून आले. त्यांनी तीन फेऱ्या मारल्या आणि लगेच फोन करून सगळ्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलावलं.

खंडेनवमीला शिर्क्यांकडे शस्त्रपूजा असते. आजोबांची तलवार निघते, तिच्या जोडीला सुरी, विळी, कात्री, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर, सगळी हत्यारं मांडली जातात. प्रतापसिंहरावांनी सकाळी लिंबू आणि राख लावून तलवार अशी घासली, की तिच्यात स्वतःची मिशी विंचरता यावी.

"यंदा पूजा मागल्या खोलीत, बोर्डावरच मांडू," त्यांनी फर्मान काढलं. "तलवार मधोमध ठेव लीला, सगळ्यांना दिसली पाहिजे. इंजिनाला कुंकू मात्र ते धावून आल्यावर. एकदा पूजा झाली, की हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. ते हलवायचंही नाही. आमच्या घराण्याची रीत आहे."

"माहीत आहे. बेचाळीस वर्षं ऐकतेय," म्हणत लीलाबाईंनी सांगितल्याबरहुकूम मांडामांड केली, हळदकुंकू वाहिलं आणि वर झेंडूची फुलं अशी भरभरून वाहिली, की हत्यारं शोधावी लागावीत.

पाच वाजता मंडळी जमली. गोविंदराव आले, शेजारचे पीयूषभाई गरब्याचे कपडे घालूनच आले. आरती झाली. प्रतापसिंहरावांनी डिजिटल म्हणजे काय यावर वीस मिनिटं भाषण केलं आणि मोबाइलवर बोट सरकवलं.

इंजिन ढिम्म. बोर्डाच्या टोकाशी, रुळांना वीज पुरवणाऱ्या डबीवरचा दिवा लाल झाला.

"काका, टेन्शन नका घेऊ, हमणां चालू थई जशे," पीयूषभाई म्हणाले.

प्रतापसिंहरावांनी डबी बंद केली, चालू केली. दिवा पुन्हा लाल. "गोविंदा, तुझं वायसर सरकलं!"

"माझं वायसर? अरे, माझी वायसरं मकरपुऱ्याच्या कारखान्यांत वीस वीस वर्षं फिरतात! तुझी ती प्रवचनाची नळी फाटली असेल."

"उघडून बघतो." प्रतापसिंहरावांनी स्क्रू-ड्रायव्हरकडे हात नेला.

"अहो!" लीलाबाई म्हणाल्या. "त्याची पूजा झालीय."

हात तिथेच थांबला. मल्टिमीटरकडे वळला. त्याच्यावरही कुंकू होतं.

"माझ्या घरून डिसमिस आणू?" पीयूषभाईंनी विचारलं आणि गल्लीतल्या चणियाचोळीवाल्यांच्या गर्दीतून धावत जाऊन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. इंजिन उघडलं. वायसर जागेवर, नळी धड, चिप थंडगार. इंजिन बंद केलं, रुळावर ठेवलं. दिवा लाल. पुन्हा उघडलं. पुन्हा बंद केलं. प्रतापसिंहरावांच्या कपाळाचा घाम बाबांच्या इंजिनावर पडायला लागला. खोली जाणार हे तर होतंच, पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. बाबांचं इंजिन आपण कायमचं मारलं तर नाही ना? मोबाइल कंपनीपासून कॅनडाच्या थंडीपर्यंत सगळ्यांना दोष देऊन झाला. तासाभरानं ते खुर्चीत बसले आणि पुटपुटले, "लाल झालाय. हिरवाच होत नाही."

पेढ्यांची ताटली फिरवत असलेल्या लीलाबाई जागच्या जागी थबकल्या. हे वाक्य त्यांनी फोनवर हजारदा ऐकलं होतं. आणि त्याचं उत्तरही.

"अहो," त्या म्हणाल्या, "आधी रुळावर आडवं काही पडलंय का बघितलंत?"

गोविंदरावांनी पुढे होऊन एका बोटानं झेंडूचा ढीग बाजूला केला. आजोबांची तलवार, म्यानाबाहेर, लखलखीत घासलेली, बोगद्याच्या तोंडाशी दोन्ही रुळांवर निवांत पहुडली होती.

"गंज असता तरी वाचला असतास," गोविंदराव म्हणाले.

"मग उचला ने काका!" पीयूषभाईंना गरब्याला उशीर होत होता.

प्रतापसिंहराव उठले. तलवारीकडे पाहिलं, लीलाबाईंकडे पाहिलं. लीलाबाईंनी फक्त पेढा पुढे केला. घराण्याची रीत सकाळी स्वतः प्रतापसिंहरावांनीच सांगितली होती. ते पेढा घेऊन परत बसले.

दसऱ्याला सूर्य उगवता उगवता तलवार उचलली गेली. दिवा पटकन हिरवा झाला आणि बाबांचं इंजिन निघालं. मागच्या डब्यात आपट्याची पानं भरून ते बोगद्यातून बाहेर आलं आणि प्रतापसिंहरावांच्या पुढ्यात बरोब्बर थांबलं. त्यांनी आधी पान बाबांच्या तसबिरीपुढे ठेवलं आणि नाक शिंकरून घेतलं. दुसरं लीलाबाईंच्या हातात दिलं.

"पाहिलंस? चाललं!"

"चाललं हो. फार गोड चाललं," लीलाबाई मनापासून म्हणाल्या आणि पदराआडून शिवणाचा टेप काढून बोर्डाचं माप घेऊ लागल्या. "पण खंडेनवमी काल होती."

"अगं पण तलवार तूच ठेवलीस!"

"मधोमध ठेव कोण म्हणालं? आणि तलवार कुणाच्या आजोबांची?"

प्रतापसिंहरावांनी टेपचं दुसरं टोक धरलं. मात्र लीलाबाई मनानं उदार. त्यांनी बोर्ड काढायला लावला नाही, नुसता करवतीनं अर्धा करायला लावला. उरलेल्या जागेत मशीन आलं. वळणाला जागा पुरेना, म्हणून रूळ मशीनच्या टेबलावरून फिरवून आणले. आता दुपारी दोघं तिथेच असतात. लीलाबाई शिवतात, प्रवचन ऐकतात. प्रतापसिंहराव समोर मोबाइल घेऊन बसतात. इतकं सुख त्यांना नोकरीतही मिळालं नव्हतं.

परवा गोविंदरावांनी फोन करून विचारलं, "काय रे, इंजिन चाललंय ना व्यवस्थित?"

"एकदम फर्स्ट क्लास," प्रतापसिंहराव म्हणाले. "आत्ता जरा थांबलंय. पाऊण तास झाला."

"का? पुन्हा शॉर्ट?"

"नाही रे." त्यांनी आवाज खाली आणला. "रुळावर पैठणीचा ब्लाउज आडवा आहे. बाह्या लावून होईपर्यंत सिग्नल मिळणार नाही म्हणाली."