आकाशाचा पंचनामा

माणसाची लायकी तेराव्या वर्षी ठरते, पुढे तो नुसता जगत राहतो. हे थोर सत्य पुण्याच्या एका नामांकित कॉलेजाने सन १९४६ मध्ये प्रवेशाच्या छापील अर्जाच्या रूपाने नेवासा तालुक्यात धाडलं. मॅट्रिकला मार्क कुणीही मिळवील, खरा माणूस तेराव्या वर्षी, इंग्रजी चौथीतच ओळखावा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून चौथीपासूनचे मार्क हवेत, आणि शिवाय एक 'आवड' हवी. तीही चार वर्षं सलग, जबाबदार अधिकाऱ्याच्या दाखल्यासह.

जबाबदार अधिकारी म्हणजे मामलेदार. त्यांनी 'चौकशी होऊन अहवाल यावा' असा शेरा मारला आणि अर्ज माझ्या टेबलावर आले. मी कचेरीत बावीस वर्षं कारकून. कुठल्या जमिनीवर कुणाची वहिवाट आहे, हे मी बांधावर उभा राहून सांगतो. मग आवडीवर कुणाची वहिवाट आहे, हे सांगायला कसली आलीय अडचण? पंच न्यायचे, माल मोजायचा, अंगठे घ्यायचे. (पुण्याला ही पद्धत अजून सुचलेली नाही. तिथे म्हणे नुसतं बोलून आवड ओळखतात.)

त्या साली नऊ अर्ज आले. सहा जणांना पोस्टाच्या तिकिटांची आवड निघाली. फार गुणी आवड! मोजता येते, आणि प्रत्येक तिकिटावर खुद्द सरकारचा शिक्का, म्हणजे जन्मतःच नोंदलेली. वकिलांच्या राधाकृष्णाकडे २१२ तिकिटं भरली. (पैकी १९० आमच्याच कचेरीच्या जुन्या पाकिटांवरची. ओळखीची दिसली, तसा मी जरा हळवा झालो.) कडूबाईच्या गहिनीनाथाने 'पोहणे' लिहिलं होतं. पाऊस लांबलेला, प्रवरेला घोटाभर पाणी. मी अहवाल दिला, 'पोहणे आढळले नाही, चालणे आढळले.' क्रिकेटवाल्याची बॅट मिळाली, चेंडू मिळाला नाही. अर्धी आवड मंजूर केली.

नववा अर्ज कमरुद्दीन टांगेवाल्याच्या नियाजचा. आवड, 'आकाशातले तारे'.

नियाजला मॅट्रिकला गणितात शंभरात सत्त्याण्णव. पण चौथीत? चौतीस! कारण विचारलं तर म्हणतो, "आदल्या राती चंद्रग्रहण हुतं, भाऊसाहेब. पहाटपर्यंत घराच्या धाब्यावर बसलो हुतो. पेपरात डोळा लागला." म्हणजे आवडीनेच मार्क खाल्ले. (तिकीटवाल्या सहांचे चौथीचे मार्क उत्तम होते. त्यांना आवड अर्ज आल्यावर लागली.)

सोमवारी सकाळी अकरा वाजता, कचेरीच्या वेळेत, कानिफनाथ पाटील आणि आणखी एक पंच घेऊन मी शिडी लावून कमरुद्दीनच्या घराच्या धाब्यावर चढलो. वर बघून मोजायला लागलो. नियाजची आई मुबारकबी खालून ओरडली, "अवो भाऊसाहेब, दिवसा तारं कुठं असत्यात? रातच्याला या की! भाकर खाऊनच जावा!"

बाईला कायदा कुठला ठाऊक? रात्री कंदील लागतो, आणि रॉकेल रेशनवर. शिवाय तारे बघायला कंदील विझवावा लागतो आणि पंचनामा लिहायला पेटवावा लागतो. सरकार आणि आकाश यांचं जमत नाही ते इथेच.

मग नियाजने वही पुढे केली. चार वर्षांची. कुठला तारा प्रवरेपल्याडच्या चिंचेवर किती वाजून किती मिनिटांनी आला, सगळं लिहिलेलं. एक रात्र सुटलेली नाही. पावसाळ्यातही 'ढग' अशी रोजची नोंद. मी वही परत दिली. स्वतःच्या हातची नोंद हा स्वतःचा पुरावा कसा होईल?

"पोरगं खरं बोलतंय," पाटील म्हणाले. "लई जागतंय रातीचं. लिवा की, भाऊसाहेब."

"पाटील, डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं असतं," मी म्हटलं, आणि लिहिलं, 'समक्ष पाहता आकाशात एकही तारा मिळून आला नाही. एक सूर्य मिळून आला. तो अर्जदाराच्या वहिवाटीतला असल्याबद्दल पुरावा नाही.' पंचांचे अंगठे झाले. वही सदऱ्यात खुपसून नियाज धाब्यावरच बसून राहिला, भर उन्हात.

राधाकृष्ण पुण्याला गेला. जाताना २१२ तिकिटं माझ्या टेबलावर ठेवून गेला, आता लागणार नाहीत म्हणाला. नियाजला साखर कारखान्यावर रातपाळीचा पहारा मिळाला. आवडीची सोयच झाली की त्याच्या, असं मी लोकांना सांगतो. सांगून झालं की टेबलावरची तिकिटं पुन्हा मोजतो.

तुम्ही हसला असाल. काय गाढव कारकून आहे, म्हणाला असाल. खुशाल म्हणा. पण तुमचं चौथीतलं पोर चौतीस मार्क घेऊन घरी आलं आणि म्हणालं, "बाबा, जरा वर बघा ना," तर तुमची नजर कुठं जाईल, आकाशाकडे की प्रगतिपुस्तकाकडे? आम्ही निदान शिडी लावून चढलो आणि वर पाहिलं. वेळ तेवढी चुकली.